फिस्क, टस्कीगी आणि मिलिंद : वंचितांच्या महाविद्यालयांचा पूर्वेतिहास

१

मराठी दलित साहित्याच्या समीक्षेत अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखकांचा उल्लेख आता रूढ झाला आहे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात ह्या साहित्याची तात्त्विक चर्चा सुरू झाली, तेव्हापासून हा उल्लेख दोन निरनिराळ्या हेतूंनी केला जातो. एक पक्ष म्हणतो, मराठीतील विद्रोहाची भाषा अमेरिकेतून उसनी आणलेली आहे. अनुवाद वाचून ती निपजली. दुसरा पक्ष म्हणतो, दुःखाची जात एक असली की साहित्याचेही कूळ एक होते. येथे उसनवारीचा प्रश्नच उद्भवत नाही. दोन्ही पक्ष ग्रंथासमोर ग्रंथ, कवितेसमोर कविता ठेवून आपापला निर्णय देतात. परंतु ग्रंथ निर्माण होण्यापूर्वी तो लिहू शकणारा, वाचू शकणारा आणि त्यावर वाद घालू शकणारा समाज निर्माण व्हावा लागतो. ज्या समाजाला अक्षरांपासून शतकानुशतके दूर ठेवले गेले, त्याच्या बाबतीत ही निर्मिती आपोआप झालेली नाही. तिच्यासाठी काही माणसांनी इमारती उभ्या केल्या, विटा भाजल्या, वर्गण्या जमविल्या, सरकारांशी वाद घातले. ह्या दोन साहित्यांतील नात्याचा विचार करताना ह्या संस्थांचा इतिहास बाजूला ठेवता येत नाही. किंबहुना उसनवारीच्या वादाचा निकाल त्या इतिहासातच दडलेला आहे, असे दिसून येईल.

अमेरिकेत अशा संस्थांना आज 'ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालये' ह्या अर्थाचे अधिकृत नाव आहे. १९६५च्या उच्चशिक्षणविषयक कायद्याने त्यांची व्याख्या केली : १९६४पूर्वी स्थापन झालेली आणि कृष्णवर्णीयांचे शिक्षण हे ज्यांचे मुख्य प्रयोजन होते अशी महाविद्यालये. शंभराच्या आसपास असलेल्या ह्या संस्थांचा पूर्वेतिहास एकोणिसाव्या शतकात सुरू होतो. महाराष्ट्रात त्यांच्याशी तुलना करता येईल असा प्रवाह पुण्याच्या शाळांपासून निघून मुंबईच्या सिद्धार्थ आणि औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयापर्यंत येतो. हे दोन प्रवाह समांतर वाहतात; पण ते एकमेकांना अगदीच अपरिचित होते असे मात्र नाही.

२

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकविणे हा कित्येक ठिकाणी कायद्याने गुन्हा होता. दक्षिण कॅरोलायनाने १७४०मध्येच गुलामांना लेखन शिकविण्यावर बंदी घातली. व्हर्जिनियाने १८३१मध्ये कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी भरणाऱ्या सभा बेकायदेशीर ठरविल्या. ह्या बंदीचा अर्थ उघड होता. वाचणारा गुलाम फार काळ गुलाम राहणार नाही, हे मालकवर्गाने नेमके ओळखले होते. उत्तरेकडील राज्यांत परिस्थिती तुलनेने मोकळी होती आणि म्हणून ह्या संस्थांचा आरंभही तेथेच झाला. रिचर्ड हम्फ्रीज ह्या क्वेकर गृहस्थाने मृत्युपत्रात ठेवलेल्या १०,००० डॉलरांतून १८३७मध्ये पेनसिल्व्हेनियात कृष्णवर्णीय मुलांसाठी एक शाळा निघाली. पुढे तिचेच चेनी विद्यापीठ झाले. त्याच राज्यात १८५४मध्ये ॲशमन इन्स्टिट्यूट स्थापन झाली, तिला पुढे लिंकन विद्यापीठ हे नाव मिळाले. १८५६मध्ये ओहायोत विल्बरफोर्स विद्यापीठाची स्थापना झाली. परंतु ह्या सर्व संस्था लहान होत्या. खरा उठाव झाला तो १८६५मध्ये यादवी युद्ध संपून गुलामगिरी कायद्याने नष्ट झाल्यानंतर. अटलांटा, फिस्क, हॉवर्ड, हॅम्प्टन ह्या संस्था १८६५ ते १८६८ ह्या अवघ्या चार वर्षांत उभ्या राहिल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. युरोपात आणि आपल्याकडेही शिक्षणाची वाढ साधारणतः शाळेकडून महाविद्यालयाकडे होत गेली. मुक्त झालेल्या गुलामांना हा क्रम परवडणारा नव्हता. लक्षावधी निरक्षर माणसांना शिकवायचे तर शिक्षक हवेत. ते शिक्षक गोऱ्या समाजातून पुरेसे मिळणार नाहीत. म्हणून शिक्षक घडविणारे महाविद्यालय आधी, आणि गावोगावची शाळा त्याच्या आधाराने, असा उलटा क्रम तेथे पुष्कळ ठिकाणी पडला. ह्यांपैकी अनेक महाविद्यालयांत सुरुवातीला मुळाक्षरांपासून लॅटिनपर्यंत सगळे वर्ग एकाच छपराखाली भरत. नावात विद्यापीठ आणि वर्गात बाराखडी, ह्या विसंगतीची त्या काळी टिंगल झाली. परंतु ते नाव दिखाऊपणासाठी घेतलेले नव्हते. आज जे नाही ते उद्या असलेच पाहिजे, असा तो संस्थापकांनी स्वतःला घातलेला दंडक होता.

नॅशव्हिल येथील फिस्कचा आरंभ ह्या दृष्टीने बोलका आहे. जानेवारी १८६६मध्ये ही शाळा केंद्रीय सैन्याच्या जुन्या रुग्णालयाच्या बराकींत सुरू झाली. पाचच वर्षांत इमारती मोडकळीला आल्या आणि तिजोरी रिकामी झाली. तेव्हा ऑक्टोबर १८७१मध्ये संस्थेच्या खजिनदाराने नऊ विद्यार्थ्यांचा एक गायकवृंद घेऊन प्रवास आरंभिला. प्रारंभी ही मुले गोऱ्या श्रोत्यांना परिचित असलेली गाणी म्हणत. गुलामगिरीच्या काळात मळ्यांवर जन्मलेली भक्तिगीते त्यांना ठाऊक होती. पण ती चारचौघांत गाण्याचा त्यांना संकोच वाटे, कारण ती गीते त्यांच्या आईबापांच्या दास्याची खूण होती. हळूहळू ती गीतेच ह्या वृंदाची ओळख बनली. 'ज्युबिली सिंगर्स' ह्या नावाने त्यांनी उत्तर अमेरिका आणि १८७३मध्ये इंग्लंड गाजविले, राणी व्हिक्टोरियापुढे गायन केले, आणि मिळालेल्या पैशांतून फिस्कचे ज्युबिली हॉल उभे राहिले. कृष्णवर्णीय महाविद्यालयाचे पहिले साहित्यिक कार्य कोणते, असे विचारले तर ह्या घटनेकडे बोट दाखवावे लागेल. ज्या मौखिक वाङ्मयाची लाज वाटत होती, त्यालाच ठेव्याची प्रतिष्ठा मिळाली, आणि ती त्याच गाण्यांतून उभ्या राहिलेल्या इमारतीत मिळाली. फिस्कमध्येच शिकलेल्या डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस ह्यांनी आपल्या १९०३च्या विख्यात निबंधसंग्रहाचा शेवट ह्याच गीतांच्या विवेचनाने केला, हा योगायोग मानता येत नाही.

३

ह्या महाविद्यालयांच्या पूर्वेतिहासातील सर्वांत मोठा वाद अभ्यासक्रमाचा होता, आणि त्याला बुकर टी. वॉशिंग्टन व ड्यु बॉइस ह्यांची नावे चिकटली आहेत. वॉशिंग्टन गुलाम म्हणून जन्मले आणि हॅम्प्टन येथे शिकले. १८८१मध्ये ॲलाबामा राज्यातील टस्कीगी येथे त्यांनी संस्था काढली. विद्यार्थ्यांनी स्वतः विटा पाडल्या आणि स्वतः इमारती बांधल्या. विटांच्या भट्ट्या तीन वेळा फसल्या आणि चौथ्या भट्टीसाठी वॉशिंग्टनांनी आपले घड्याळ गहाण टाकले, ही हकीकत त्यांच्या आत्मचरित्रात आली आहे. शेती, सुतारकाम, लोहारकाम, गृहकार्य ह्यांत प्रावीण्य मिळवा, जमीन व बचत ह्यांच्या बळावर उभे राहा, राजकीय हक्कांची घाई करू नका, असा त्यांच्या १८९५च्या अटलांटा येथील भाषणाचा आशय होता. त्यानंतर पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' हे तत्त्व ग्राह्य मानले, आणि दक्षिणेतील वर्णविभाजनावर कायद्याचे शिक्कामोर्तब झाले.

ड्यु बॉइसांचा आक्षेप हस्तकौशल्यावर नव्हता. त्यांचा प्रश्न असा होता की, समाजाला मार्ग दाखविणारी माणसे जर विद्यापीठीय शिक्षणातून तयार झाली नाहीत तर टस्कीगीच्या शिक्षकांना तरी कोण शिकविणार? मताचा हक्क आणि उच्च विद्या ह्यांवाचून मिळविलेली जमीन उद्या कोणीही हिरावून घेईल. फिस्क आणि अटलांटा ह्या परंपरेतून त्यांनी हे उत्तर दिले. वॉशिंग्टनांची बाजू पुरती समजून घ्यायची तर ते ॲलाबामात होते हे विसरता येणार नाही. जेथे कृष्णवर्णीयांना झुंडीने ठार मारले जात होते, तेथे गोऱ्या शेजाऱ्यांची संमती आणि उत्तरेतील धनिकांचा पैसा ह्यांवर त्यांना एक प्रचंड संस्था चालवायची होती. तथापि त्या संमतीची किंमतही मोठी होती. ज्या धनिकांनी कारागिरीच्या शिक्षणाला थैल्या मोकळ्या केल्या, त्यांचा हात ग्रीक व तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या महाविद्यालयांसाठी आखडता राहिला. १८९०च्या कायद्याने केंद्राच्या जमीन-अनुदानातील वाटा कृष्णवर्णीयांना मिळण्याची सोय केली. परंतु तो वेगळ्या संस्था काढून देण्याची मुभाही राज्यांना दिली. त्यामुळे संस्था वाढल्या, आणि विभाजनही पक्के झाले.

पुढचा इतिहास मात्र ह्या वादातील कोणत्याच पक्षाच्या हिशेबात बसत नाही. राल्फ एलिसन हा तरुण १९३३मध्ये संगीत शिकण्यासाठी टस्कीगीला आला. त्या कारागिरीच्या माहेरघरातील ग्रंथालयात त्याला एलियटची आधुनिक कविता सापडली आणि तिने त्याला वाङ्मयाकडे वळविले. १९५२मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कादंबरीत अशाच एका महाविद्यालयाचे, तेथील देणगीदारांचे आणि त्यांच्यापुढे वाकणाऱ्या प्राचार्याचे विदारक चित्र आहे. म्हणजे संस्थेने ग्रंथालय दिले आणि त्या ग्रंथालयात घडलेल्या लेखकाने संस्थेचाच न्याय केला. लिंकन विद्यापीठातून १९२९मध्ये लँग्स्टन ह्यूज पदवीधर झाला. हॉवर्डमध्ये ॲलन लॉक आणि स्टर्लिंग ब्राउन ह्यांनी अध्यापन केले आणि १९५३मध्ये तेथूनच टोनी मॉरिसन पदवीधर झाल्या. हॉवर्डच्याच विधी शाखेत शिकलेल्या थर्गूड मार्शल ह्यांनी १९५४च्या खटल्यात 'वेगळे पण समान' ह्या तत्त्वाचा पाया उखडला. वर्णविभाजनाने जन्माला घातलेल्या वर्गखोलीतूनच वर्णविभाजनाचा अंत करणारा युक्तिवाद बाहेर पडला.

४

ह्या अमेरिकन इतिहासाचा महाराष्ट्राशी पहिला संबंध येतो तो मिशनच्या द्वारे. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३मध्ये मुंबईत आले आणि १८३१पासून अहमदनगर हे त्यांचे मोठे केंद्र बनले. सिंथिया फरार ह्या बाईंची नगरची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले ह्यांना पुण्यात तशी शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, हे प्रसिद्ध आहे. ह्याच अमेरिकन बोर्डाने गुलामगिरीविषयी स्पष्ट भूमिका घेण्याचे टाळले, म्हणून असंतुष्ट झालेल्या गटाने १८४६मध्ये अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही स्वतंत्र संस्था काढली. फिस्क, हॅम्प्टन, अटलांटा ही महाविद्यालये तिच्याच साहाय्याने उभी राहिली. म्हणजे नगरची शाळा आणि नॅशव्हिलचे महाविद्यालय ह्यांचे उगम एकाच धर्मसमूहाच्या दोन फाट्यांत आहेत. ह्यावरून पुण्याच्या चळवळीचे पितृत्व मिशनकडे जाते असे मात्र समजू नये. जोतीरावांनी मिशनकडून शाळेची पद्धत घेतली. तिचे प्रयोजन स्वतःचे ठेवले.

१८४८मध्ये मुलींची शाळा आणि त्यानंतर १८५०च्या दशकाच्या आरंभी महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा, असा फुले दांपत्याच्या कार्याचा क्रम आहे. ह्या शाळांतील मुक्ता साळवे ह्या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध १८५५मध्ये अमेरिकन मिशनच्या 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आपल्या लोकांचा धर्म कोणता, हा प्रश्न त्या मुलीने शाळेत मिळालेल्या अक्षरांनी विचारला. शिक्षण मिळाल्याबरोबर शिकणारा प्रथम काय करतो, ह्याचे हे उत्तर आहे. तो आपल्या स्थितीचे वर्णन करतो आणि त्या स्थितीचे समर्थन करणाऱ्यांना जाब विचारतो. अमेरिकेतील पळून आलेल्या गुलामांच्या आत्मकथनांचेही हेच स्वरूप होते.

जोतीरावांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. फिस्कचे विद्यार्थी इंग्लंडमध्ये गात होते, त्याच वर्षी पुण्यात एक मराठी ग्रंथ शूद्रातिशूद्रांची स्थिती आणि नीग्रो गुलामांची स्थिती एका शब्दात बांधीत होता. ह्या दोन घटनांना एकमेकींची वार्ता नव्हती. पण ह्या अर्पणपत्रिकेमुळे एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते. दोन समाजांच्या साम्याची जाणीव मराठीत १९६०च्या दशकातील अनुवादांनी आलेली नाही. ती त्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधीची आहे.

परंतु जोतीरावांचा शैक्षणिक आग्रह प्राथमिक शिक्षणाचा होता. १८८२मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी स्पष्ट तक्रार केली की, रयतेच्या घामातून जमलेला महसूल वरिष्ठ वर्गाच्या उच्चशिक्षणावर खर्च होतो आणि रयतेची मुले निरक्षर राहतात. त्या काळी ही भूमिका अगदी यथार्थ होती. १८५६मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला होता. सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या असल्याचे तत्त्व पुढे मान्य झाले, तरी व्हरांड्यात किंवा उंबऱ्याबाहेर बसविण्याची रीत कित्येक दशके टिकली. ज्यांच्यापुढे शाळेचाच दरवाजा बंद, त्यांच्यासाठी महाविद्यालयाची मागणी कोण करणार?

शाळा आणि महाविद्यालय ह्यांच्यामधले अंतर महाराष्ट्रात वसतिगृहाने भरून काढले, आणि हा आपल्याकडील इतिहासाचा खास विशेष होय. शाहू छत्रपतींनी विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्हापुरात जातवार वसतिगृहांची मालिका उभी केली. अस्पृश्य मुलांसाठीही वसतिगृह काढले. विठ्ठल रामजी शिंदे ह्यांनी १९०६मध्ये मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन करून शाळा व वसतिगृहे चालविली. भाऊराव पाटील ह्यांनी १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीला बसविले. 'कमवा आणि शिका' हे त्यांचे सूत्र टस्कीगीच्या पद्धतीची आठवण करून देते. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनेही १९२५मध्ये सोलापूरच्या वसतिगृहापासूनच आरंभ केला. खेड्यातील अस्पृश्य मुलाला शहरात खोली मिळणार नाही, खाणावळीत जेवण मिळणार नाही आणि विहिरीवर पाणी मिळणार नाही; तेव्हा त्याच्या बाबतीत वसतिगृह हीच पहिली शाळा ठरते, हे ह्या सर्वांनी ओळखले होते.

५

भीमराव आंबेडकर १९१३ ते १९१६ ह्या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. विद्यापीठाची वास्तू हार्लेम वस्तीच्या शेजारीच आहे, आणि वॉशिंग्टन व ड्यु बॉइस ह्यांच्या वादाने तापलेले ते दिवस होते. पुढे त्यांनी जी धोरणे स्वीकारली, त्यांवरून ह्या वादात त्यांचा कल कोणीकडे पडला असता, हे सांगणे अवघड नाही. त्यामागील कारण मात्र भारतीय आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयाला सुतारकी शिकविली तर त्याच्या हाती एक नवे साधन येत होते. भारतात धंदा जातीला बांधलेला. कोणी कोणते काम करावे हे जन्मानेच ठरलेले. श्रमविभागणीबरोबर श्रमिकांचीच विभागणी जातिव्यवस्था करते, हा विचार त्यांनी १९३६च्या 'जातिसंहारा'विषयीच्या प्रबंधात मांडला. जेथे हाताचे काम हीच दास्याची खूण आहे, तेथे हाताच्या कामाचे अधिक चांगले शिक्षण हे मुक्तीचे साधन होईलच असे नाही. म्हणून त्यांनी महाविद्यालयाची, त्यातही विज्ञान आणि कायदा ह्यांच्या शिक्षणाची वाट धरली.

ह्या वाटेचा एक महत्त्वाचा टप्पा दिल्लीत आहे. १९४२मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले आणि त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांविषयी एक निवेदन व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो ह्यांना सादर केले. त्यात उच्चशिक्षण, विशेषतः वैज्ञानिक व तांत्रिक शिक्षण, आणि परदेशी शिष्यवृत्त्या ह्यांची मागणी होती. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना १९४४मध्ये सुरू झाली. ही घटना बाह्यतः शासकीय कागदाची वाटते. परंतु वसतिगृहाने मुलाला शहरात आणले, शिष्यवृत्तीने त्याला शहरात टिकविले, आणि आता त्याला प्रवेश देणारे महाविद्यालय तेवढे उरले होते.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय युद्धकाळातील लष्करी बराकींत सुरू झाले. ऐंशी वर्षांपूर्वी फिस्क असेच बराकींत सुरू झाले होते. एक युद्ध गुलामगिरी संपविणारे, दुसरे साम्राज्य संपविणारे. दोन्ही युद्धांनी मागे ठेवलेल्या ओसाड बराकी वंचितांच्या उपयोगी पडल्या. ह्याच १९४६ साली आंबेडकरांनी ड्यु बॉइसांना पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागितली, आणि जुलैअखेर ड्यु बॉइसांचे सहानुभूतीपूर्ण उत्तर आले. दोन प्रवाहांची ही प्रत्यक्ष भेट सिद्धार्थच्या पहिल्याच सत्रात व्हावी, हे अर्थपूर्ण आहे.

मराठवाड्याची स्थिती मुंबईहून फार निराळी होती. तेथील मराठी विद्यार्थी उस्मानिया विद्यापीठाच्या कक्षेत होता आणि १९४८पर्यंत त्या विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. सप्टेंबर १९४८मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, जून १९५०मध्ये, औरंगाबादला (आजच्या छत्रपती संभाजीनगरला) सोसायटीचे महाविद्यालय निघाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. १९५५मध्ये त्याला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन म्हणू लागले. मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर तीन वर्षांनी, १९५८मध्ये स्थापन झाले. म्हणजे ह्या मागास विभागात उच्चशिक्षणाचा दिवा ज्यांनी आधी लावला त्यांत अस्पृश्यांच्या नेत्याने काढलेली संस्था होती. त्या प्रदेशातील सवर्ण शेतकऱ्यांची मुलेही तेथेच शिकली.

अमेरिकन महाविद्यालयांशी असलेला मूलभूत भेद येथे दिसतो. फिस्क किंवा हॅम्प्टन ह्यांच्याभोवती वर्णभेदाच्या कायद्याची भिंत होती; आणि त्यांच्या प्रारंभीच्या सूत्रधारांत गोऱ्या मिशनऱ्यांचा व सेनाधिकाऱ्यांचा भरणा होता. सिद्धार्थ आणि मिलिंद ह्यांचा सूत्रधार स्वतः वंचित समाजातील होता; आणि त्याने आपल्या संस्थेचा दरवाजा कोणालाही बंद केला नाही. संस्कृतचे नामांकित पंडित अश्वत्थामाचार्य गजेंद्रगडकर सिद्धार्थचे पहिले प्राचार्य झाले. मिलिंदच्या प्राचार्यपदी म. भि. चिटणीस होते. ज्यांना वेदाक्षर ऐकण्याची बंदी होती त्यांच्या महाविद्यालयात संस्कृतज्ञ प्राचार्य असावा, ह्यात संस्थापकाचा आत्मविश्वास दिसतो. मिलिंद हे नावही ह्याच वृत्तीचे द्योतक आहे. राजा मिलिंद हा नागसेन भिक्षूला नि:शंकपणे प्रश्न विचारणारा आणि समाधान झाल्यावर प्रांजळपणे ते मान्य करणारा होता. बुद्धाचे किंवा भिक्षूचे नाव घेण्याऐवजी महाविद्यालयाने प्रश्नकर्त्याचे नाव घेतले.

६

ह्या परिसरातून साहित्य कसे उपजले ते आता पाहता येईल. १९५५च्या सुमारास प्राचार्य चिटणीसांचे 'युगयात्रा' हे नाटक मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी रंगभूमीवर आणले. अस्पृश्यतेचा दीर्घ इतिहास नाट्यरूपात मांडणारी ही कृती दलित रंगभूमीच्या आरंभीच्या खुणांपैकी एक मानली जाते. ६०च्या दशकात मराठीचे अध्यापक म्हणून गंगाधर पानतावणे मिलिंदमध्ये आले. अमेरिकेत अध्ययन करून परतलेल्या डॉ. म. ना. वानखेडे ह्यांनी तेथील कृष्णवर्णीय लेखकांचा परिचय येथील तरुण लेखकांना करून दिला. १९६७मध्ये निघालेले नियतकालिक पुढच्या वर्षापासून 'अस्मितादर्श' ह्या नावाने पानतावणे ह्यांनी चालविले, आणि दलित साहित्याची भूमिका, भाषा व सौंदर्यविचार ह्यांवरील वादाला एक स्थिर व्यासपीठ मिळाले. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिच्या जडणघडणीशी वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार ह्या विद्यार्थी-वसतिगृहाचा निकट संबंध होता. १९७८मध्ये जनार्दन वाघमारे ह्यांचा अमेरिकन निग्रो साहित्य व संस्कृती ह्यांवरील ग्रंथ आला. हा क्रम ध्यानात घेतला की अनुवाद आणि परिचय हे ह्या साहित्याचे बीज नव्हते, हे स्पष्ट होते. ते पाणी होते. जमीन शाळा, वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि महाविद्यालय ह्यांनी आधीच नांगरलेली होती. नांगरलेली नसती तर तेच पाणी वाहून गेले असते.

ह्या मताला एक भक्कम प्रत्यवाय आहे आणि तो टाळणे योग्य होणार नाही. दलित साहित्याचे काही सर्वश्रेष्ठ लेखक महाविद्यालयात गेलेच नाहीत. 'फकिरा'चे कर्ते अण्णा भाऊ साठे ह्यांना शाळेचे शिक्षण जवळजवळ मिळालेच नाही. १९५८मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनीच केले होते. 'गोलपिठा'तील भाषा नामदेव ढसाळांना कोणत्याही प्राध्यापकाने दिली नाही. ती कामाठीपुऱ्याने दिली. तिकडेही रिचर्ड राइट हा कादंबरीकार महाविद्यालयाची पायरी चढला नव्हता. तेव्हा महाविद्यालय प्रतिभा निर्माण करते असा दावा करता येणार नाही. परंतु प्रतिभेला लागणाऱ्या इतर गोष्टी ते निर्माण करते : वाचक, संपादक, नियतकालिक, समीक्षक, प्रतिपक्षी. अण्णा भाऊंना शाहिरीचा आणि चळवळीचा श्रोता होता. पण त्यांच्या कथेची वाङ्मयीन मीमांसा करणारी दलित समीक्षकांची पिढी त्यांच्या १९६९मधील मृत्यूच्या सुमारास कोठे उभी राहत होती. ढसाळांची कविता आली तेव्हा तिचा अर्थ लावणारे, तिच्यावर रुष्ट होणारे आणि तिच्या बाजूने झगडणारे वाचक तयार होते. एकट्या लेखकाची कृती आणि एका समाजाचे साहित्य ह्यांतील हे अंतर आहे. ते अंतर भरून काढण्याचे काम महाविद्यालयाने केले.

७

१९५४च्या निकालानंतर अमेरिकेत प्रश्न विचारला गेला की, आता सर्वच विद्यापीठांचे दरवाजे उघडले असताना ह्या निराळ्या महाविद्यालयांची आवश्यकता काय? तोच प्रश्न आपल्याकडेही निराळ्या शब्दांत विचारला जातो. त्याचे एक उत्तर ह्या इतिहासातून मिळते. दरवाजा उघडला म्हणजे आत काय शिकवावे आणि कोणते प्रश्न विचारावेत हे ठरविण्याचा अधिकार मिळतोच असे नाही. औरंगाबादच्या विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव १९७८मध्ये झाला तेव्हा मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, आणि नामविस्तार प्रत्यक्षात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावी लागली. ज्या विभागात ह्या माणसाच्या संस्थेने पिढ्या शिकविल्या, तेथे विद्यापीठाच्या कमानीवर त्याचे नाव कोरायला सोळा वर्षे लागली. विद्येच्या घरात कोणाला पाहुणा मानावे आणि कोणाला यजमान, हा ह्या सर्व इतिहासाचा मूळ प्रश्न आहे.

समीक्षेपुढे ह्यातून एक काम उभे राहते. दलित साहित्याचा इतिहास आजवर बहुधा ग्रंथांच्या आणि संमेलनांच्या तारखांनी लिहिला गेला. महाविद्यालयांची वार्षिके, वसतिगृहांची हस्तलिखिते, स्नेहसंमेलनांत झालेल्या एकांकिका, ग्रंथालयांच्या देवघेवीच्या वह्या ह्या साधनांकडे त्या मानाने कमी लक्ष गेले, आणि ती कागदपत्रे जीर्ण होत चालली आहेत. फिस्कच्या गायकवृंदाच्या नोंदी जपल्या गेल्या म्हणून आज त्यांच्या गीतांचा इतिहास लिहिता येतो. नागसेनवनात कोणत्या विद्यार्थ्याने कोणते पुस्तक प्रथम मागितले, हे सांगणारी वही जर कोठे शिल्लक असेल तर ती मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचे साधन आहे. तिचा शोध घेणे हे समीक्षकांचेही कर्तव्य आहे.